छावणीचे गाव आणि शिपायाचे बिऱ्हाड

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही त्यांनी उदार मनाने दिली. ज्याने उभा जन्म प्राथमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकविण्यात घालविला, त्याला अशी मोकळीक दिली म्हणजे तो श्रोत्यांना कोणत्या मुलखात नेऊन सोडील याचा नेम नसतो. आज मी आपणांस प्रथम विलायतेतील एका छावणीच्या गावी नेणार आहे, तेथून हिमालयाच्या पायथ्याशी, आणि अखेरीस आपल्याच वसतिगृहाच्या फाटकाशी आणून सोडणार आहे. या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. परमुलखातून ज्याला आपण आपल्या रक्षणासाठी आणले, त्याचे तरुणपण आपल्या चाकरीत सरल्यावर त्याने आपल्या बायकामुलांसह राहावयाचे कोठे?

या प्रश्नावर इंग्लंडात गुरखा सैनिकांच्या निमित्ताने मोठा वाद माजला. आपल्याकडे गुरखा म्हटले की हातात काठी, ओठांत शिट्टी आणि रात्रीच्या शांततेत वाजणारी त्याची पावले एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो दारी येतो, आपण चार पैसे हातावर ठेवतो आणि दार लावून घेतो. त्याचे नाव आपणांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. वस्तुतः रात्रीची गस्त घालणारा प्रत्येक नेपाळी मनुष्य सैनिक नसतो आणि गुरखा सैनिक हा पहारेकरी नव्हे. परंतु एका शूर लोकसमूहाचे नाव आपण एका व्यवसायाला चिकटवून मोकळे झालो, यावरून परक्याकडे पाहण्याची आपली रीत कळून येते.

थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. १८१४ ते १८१६ या काळात ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळचे गोरखा राज्य यांच्यात युद्ध झाले. प्रतिपक्षाचे शौर्य पाहून कंपनीचे अधिकारी इतके चकित झाले की, युद्ध पुरते मिटण्यापूर्वीच, १८१५ साली, त्यांनी गुरख्यांच्या पहिल्या पलटणी उभारल्या. कालचा शत्रू आजचा शिपाई झाला. तेव्हापासून दोन्ही महायुद्धांपर्यंत गुरख्यांनी इंग्रजांसाठी जगाच्या पाठीवर रक्त सांडले. गुरखा पलटणींना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसची संख्या २६ आहे आणि त्यांपैकी १३ खुद्द गुरखा सैनिकांनी मिळविले आहेत. आपल्या नामदेव जाधवांनी १९४५ साली इटलीत ज्या आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये तो बहुमान मिळविला, त्याच डिव्हिजनमधील थमन गुरुंग या गुरखा शिपायाला काही महिने आधी तोच बहुमान मरणोत्तर लाभला होता. मराठा आणि गुरखा एकाच चिखलात लढले आहेत, याचा विसर निदान महाराष्ट्राला पडू नये.

१९४७ साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला, तेव्हा एकत्र कुटुंबात वाटणी व्हावी तशी गुरखा पलटणींची वाटणी झाली. भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात करार होऊन दहा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या व चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनकडे गेलेले गुरखे पुढे मलाया, सिंगापूर, बोर्निओ आणि हाँगकाँग येथे राहिले. त्यांची भरती नेपाळात होई आणि पंधरा वर्षांच्या चाकरीनंतर त्यांना निरोपही नेपाळातच दिला जाई. त्यांचे निवृत्तिवेतन भारतीय सैन्याच्या मानाने ठरविलेले असे. बायकामुलांना जवळ ठेवण्याची मुभा सामान्य शिपायाला चाकरीतील थोड्याच काळापुरती मिळे. थोडक्यात, शिपाई घ्यावयाचा, संसार घ्यावयाचा नाही, असा हा व्यवहार होता. नेपाळच्या डोंगरात अशा परदेशी चाकरीला गेलेल्या माणसाला ‘लाहुरे’ म्हणतात. रणजितसिंहाच्या काळी हे लोक लाहोरला जाऊन फौजेत दाखल होत, त्यावरून हे नाव पडले. लाहोर मागे पडले, परंतु घराबाहेर राहण्याचे नशीब त्या नावाला चिकटले ते चिकटलेच.

१ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनच्या स्वाधीन झाले आणि गुरखा ब्रिगेडचे मुख्य ठाणे इंग्लंडात आले. आता फोकस्टोन, मेडस्टोन, ऑल्डरशॉट अशा गावांत त्यांच्या बराकी दिसू लागल्या. २००४ साली ब्रिटिश सरकारने नियम केला की, १ जुलै १९९७ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्या व निदान चार वर्षे चाकरी केलेल्या गुरख्याला ब्रिटनमध्ये कायमचे राहण्याची परवानगी मिळावी. नियम उदार खरा, परंतु त्याने एक रेघ ओढली. जून महिन्यात ज्याने बंदूक खाली ठेवली तो परका आणि जुलैत ज्याने ठेवली तो आपला! जे एकाच खंदकात झोपले, एकाच पातेल्यातले जेवले, त्यांच्यात पंचांगातील एका तारखेने भिंत उभी केली. सरकारचे म्हणणे असे की, १९९७ पूर्वी ब्रिगेडचे ठाणे हाँगकाँगला होते, म्हणून त्या सैनिकांचे ब्रिटनशी घट्ट नाते जडलेले नाही.

या युक्तिवादाचा पोकळपणा एका वृद्धाने जगापुढे आणला. तुलबहादुर पुन यांनी १९४४ साली ब्रह्मदेशात मोगाउंग येथे जपानी मशीनगनवर एकट्याने चाल करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला होता. पुढे प्रकृती खालावल्यावर त्यांनी इंग्लंडात राहण्याची परवानगी मागितली. ब्रिटनशी आपले पुरेसे घट्ट नाते असल्याचे त्यांना दाखविता आलेले नाही, असे कारण देऊन त्यांचा अर्ज प्रथम नाकारण्यात आला. राजाच्या मुकुटासाठी जो मृत्यूच्या तोंडात शिरला, त्याचे त्या मुकुटाशी नाते काय, असे कारकुनाने विचारावे! २००७ साली लोकांनी ओरड केल्यावर हा निर्णय फिरविण्यात आला. नटी जोआना लम्ली यांनी या चळवळीचे पुढारीपण पत्करले. त्यांचा जन्म १९४६ साली श्रीनगरचा. त्यांचे वडील पुन यांच्याच सहाव्या गुरखा रायफल्समध्ये अधिकारी होते.

३० सप्टेंबर २००८ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्लेक यांनी सरकारचे धोरण बेकायदेशीर ठरवून त्याचा पुनर्विचार करण्यास फर्माविले. सरकारने २४ एप्रिल २००९ रोजी नवे निकष जाहीर केले. त्यांतील एक निकष वीस वर्षांच्या चाकरीचा होता. आता पाहा, सामान्य रायफलमनला चाकरीच पंधरा वर्षांची मिळत असे. मग वीस वर्षे त्याने आणावयाची कोठून? जी अट पुरी होणे सरकारनेच अशक्य केले, तीच अट सरकार पुढे करीत होते. पाच दिवसांनी, २९ एप्रिल रोजी, उदारमतवादी पक्षाने आणलेल्या ठरावावर पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात मतदान झाले आणि २६७ विरुद्ध २४६ मतांनी सरकार पराभूत झाले. अखेर २१ मे २००९ रोजी गृहमंत्री जॅकी स्मिथ यांनी घोषणा केली की, १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्या आणि चार वर्षे चाकरी केलेल्या प्रत्येक गुरख्याला पत्नी व अठरा वर्षांखालील मुलांसह ब्रिटनमध्ये राहता येईल.

वर्तमानपत्रांनी येथे टाळ्या वाजविल्या. आपणही येथेच थांबलो तर कथा सुखान्त होईल. परंतु माझ्या मते खरा प्रश्न येथून पुढेच सुरू होतो, आणि तो समजून घ्यावयाचा तर दोन्ही पक्षांचे म्हणणे शांतपणे ऐकले पाहिजे.

गुरख्यांच्या बाजूने बोलणारे म्हणत की, जो देशासाठी मरावयास पात्र आहे तो त्या देशात राहावयासही पात्र असलाच पाहिजे. राष्ट्रकुलातील फिजीसारख्या बेटावरून भरती झालेल्या सैनिकाला चार वर्षांनंतर ब्रिटनमध्ये राहता येते, मग गुरख्यालाच दार बंद का? या म्हणण्याला उत्तर नाही, असे मला वाटते. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, करार करतानाच अट ठरली होती, मोबदला नेपाळातील राहणीला पुरेसा होता, आणि एकदा दार उघडले तर कुटुंबासह लाखभर माणसे येतील व अब्जावधी पौंडांचा भार पडेल. यांतील भीतीचा भाग अतिशयोक्त असला तरी सगळाच भाग खोटा नव्हता.

तिसरा पक्ष नेपाळचा. त्याची आठवण फारशी कोणी काढली नाही. धरान आणि पोखरा ही गावे लाहुऱ्यांच्या पेन्शनीवर भरभराटली. पेन्शनर गावी राहिला तर त्याचा पैसा गावच्या दुकानात, शाळेत आणि शेतात फिरतो. तो विलायतेस गेला की घराला कुलूप लागते आणि वावर पडीक राहते. नेपाळातील काही पक्षांना तर परक्यांसाठी लढण्याची ही चालच राष्ट्राच्या मानाला कमीपणा आणणारी वाटते. १९९६ साली माओवाद्यांनी सरकारपुढे ठेवलेल्या मागण्यांत गुरखा भरती बंद करावी ही एक मागणी होती.

आणि चौथा पक्ष, ज्याला कोणी विचारलेच नाही, तो म्हणजे छावणीचे गाव. लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारे ६० किलोमीटरांवर असलेले ऑल्डरशॉट हे १८५४ पर्यंत हजाराच्या आतल्या वस्तीचे खेडे होते. त्या वर्षी तेथे लष्कराचा तळ पडला आणि खेड्याचे शहर झाले. तेथील दुकाने, खाणावळी, देवळे सर्व काही शिपायांच्या पगारावर उभे राहिले. २००९ नंतर नेपाळातून उतरणारा वृद्ध सैनिक स्वाभाविकपणेच या गावाकडे वळला. कारण तेथे त्याच्या पलटणीची माणसे होती, भाषा बोलणारे शेजारी होते आणि डाळभात मिळत होता. मुंबईस उतरलेला कोकणचा मनुष्य गिरगाव-लालबागेतील गाववाल्यांच्या खोलीवर जाई, तसेच हे होते. २०११ च्या खानेसुमारीत ऑल्डरशॉट व शेजारचे फार्नबरो मिळून झालेल्या रशमूर तालुक्याच्या सुमारे ९४ हजार वस्तीत सहा हजारांच्या आसपास नेपाळी लोक आढळले.

त्याच वर्षी तेथील खासदार जेराल्ड हॉवर्थ यांनी पंतप्रधान कॅमरून यांना पत्र लिहून कळविले की, दवाखाने, घरे आणि इतर सार्वजनिक सेवा यांवर असह्य ताण पडत आहे. पुष्कळांनी त्यांस कृतघ्न म्हटले. परंतु ही तक्रार केवळ द्वेषाचा उद्गार म्हणून झटकून टाकता येत नाही. आलेल्यांत बरेच जण साठी-सत्तरी ओलांडलेले होते. शिपाईगडी मोडके-तोडके इंग्रजी बोले, परंतु त्याच्या पत्नीला त्या भाषेचा गंध नव्हता. डॉक्टरपुढे बसल्यावर दुखते कोठे हे सांगावयास दुभाषी लागे आणि एका रोग्याला दोघांचा वेळ लागे. भाडे परवडत नसल्यामुळे एकेका घरात दोन-तीन वृद्ध जोडपी राहत. खोली लहान आणि दिवस मोठा, म्हणून हे लोक सकाळपासून बागेतील बाकांवर बसून राहत. ते बसलेले पाहून गावचे लोक कुरकुरत. कुरकुरणाऱ्याला ते बसलेले दिसत, ते का बसले आहेत हे दिसत नसे.

यातून आणखी एक पेच उत्पन्न झाला. जुन्या गुरख्याचे निवृत्तिवेतन इंग्लंडात पुरण्याजोगे नव्हते. तेव्हा गरीब वृद्धांना सरकार जो पूरक भत्ता देते, त्यावर त्याला अवलंबून राहावे लागले. परंतु हा भत्ता ब्रिटनमध्ये राहणाऱ्यालाच मिळतो. काही आठवड्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तो बंद होतो. म्हणजे दशैंचा टिळा नातवंडांच्या कपाळी लावण्यासाठी गावी जावे तर पोट अडते, आणि पोटासाठी राहावे तर सण चुकतो. ज्यांची मुले अठरा वर्षांवरची होती, त्यांची मुले तर मागेच राहिली. २०१५ साली तीस वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी काही अटींवर वाट मोकळी झाली, परंतु तोवर अनेक घरांत म्हातारा-म्हातारी विलायतेत आणि लेकरे नेपाळात अशी फाटाफूट झाली होती. तरुणपणी पलटणीने संसार तोडला, म्हातारपणी कायद्याने तोडला! १९९७ पूर्वी केलेल्या चाकरीच्या पेन्शनीतील तफावतीबद्दलचा दावा युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१६ साली फेटाळला, आणि २०२१ च्या ऑगस्टात माजी सैनिकांनी लंडनमध्ये पंतप्रधानांच्या निवासासमोर तेरा दिवस उपोषण केले. गावी पुरेल असे पेन्शन मिळाले असते तर यांतील किती वृद्धांनी उतारवयात समुद्र ओलांडला असता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. स्वतः तुलबहादुर पुन यांनी इंग्लंडात राहण्याचा हक्क मिळविला, परंतु २०११ साली त्यांनी देह ठेवला तो आपल्या नेपाळातच.

माझे म्हणणे मी येथे स्पष्ट करतो. गुरख्यांना राहू दिले यात यत्किंचितही चूक झाली नाही. चूक झाली ती परवानगीलाच व्यवस्था समजण्यात. राजधानीतील सभागृहाने अर्ध्या दिवसात मतदान करून कृतज्ञता व्यक्त केली आणि त्या कृतज्ञतेचे बिल एका मध्यम आकाराच्या गावाकडे पाठवून दिले. दार उघडण्यास एक ठराव पुरतो, परंतु आत आलेल्यास बसावयास पाट, प्यावयास पाणी आणि बोलावयास माणूस लागते. ज्याने निमंत्रण दिले त्याने पंगतीचा खर्च उचलला नाही, म्हणून पंगतीत बसलेले एकमेकांवर उठले. भांडण वस्तुतः ऑल्डरशॉटचा रहिवासी आणि नेपाळी वृद्ध यांच्यात नव्हतेच. दोघांचे गाऱ्हाणे एकाच पत्त्यावर जावयास हवे होते.

जेथे थोडी व्यवस्था झाली तेथे चित्र पालटले, हेही सांगितले पाहिजे. १९६९ साली स्थापन झालेल्या गुरखा वेल्फेअर ट्रस्टने ऑल्डरशॉट आणि सॉल्झबरी येथे सल्ला-केंद्रे चालविली. वृद्ध स्त्रियांसाठी इंग्रजीचे वर्ग निघाले. नव्या पिढीची मुले शाळांत चमकू लागली. २०१५ साली दलाई लामा ऑल्डरशॉटला आले, तेव्हा तेथील फुटबॉलच्या मैदानावर हजारो लोक जमले. फोकस्टोनला तर माजी गुरखा सैनिक स्थानिक निवडणुकीत निवडूनही आला.

आता हिमालयाकडे वळू. कारण विलायतेतील या वादाला दीडशे वर्षांपूर्वी आपल्या भूमीवर पूर्वरंग झालेला आहे. १८६४ च्या सुमारास इंग्रज सरकारने ठरविले की, गुरखा पलटणींना कायमची ठाणी द्यावी. त्याप्रमाणे पहिल्या पलटणीस धर्मशाळा, दुसरीस डेहराडून, तिसरीस अल्मोडा, चौथीस बकलोह आणि पाचवीस अबोटाबाद मिळाले. तेथे जमिनी घेतल्या, घरे बांधली, शिपायांची कुटुंबे राहू लागली, आणि पेन्शनीवर गेलेले पुष्कळ जण नेपाळास न परतता त्या घरांभोवतीच स्थिरावले. म्हणजे ज्या काळात सरकार परके होते, त्या काळातही बिऱ्हाडाचा विचार पलटणीबरोबर झाला होता.

परंतु वाद तेव्हाही चुकला नाही. या घरांत जन्मलेल्या मुलांना ‘लाइन बॉय’ म्हणत. त्यांना भरतीत घ्यावे की नाही यावर इंग्रज अधिकाऱ्यांत मतभेद होते. कित्येकांचे मत असे की, छावणीत वाढलेला मुलगा अक्षर शिकतो, बोलावयास चतुर होतो, परंतु डोंगरातील पोराचे भोळे धाडस त्याच्या अंगी राहत नाही. याचा सरळ अर्थ असा की, त्यांना शिपाई हवा होता, विचार करणारा मनुष्य नको होता. आणि या मुलांनी पुढे काय केले ते पाहा. डेहराडूनजवळ डोईवाला येथे जन्मलेले दुर्गा मल्ल गुरखा पलटणीतून आझाद हिंद सेनेत गेले आणि १९४४ साली फासावर चढले. आज त्यांचा पुतळा संसदेच्या आवारात आहे. धर्मशाळेच्या परिसरात जन्मलेले रामसिंग ठाकूर यांनी आझाद हिंद सेनेच्या ‘कदम कदम बढाये जा’ या गीताला चाल लावली. ज्यांच्या बापजाद्यांना परके म्हणून भरती केले, त्यांच्या मुलांनी या देशासाठी गळ्यात फास घेतला आणि या देशाच्या ओठी गाणे दिले. बिऱ्हाड थाटू दिल्याचे याहून मोठे फळ ते कोणते?

स्वतंत्र भारताने १९५० साली नेपाळशी तह करून एकमेकांच्या नागरिकांस राहण्याची, मालमत्ता करण्याची व व्यापाराची मुभा दिली. म्हणून ब्रिटनमध्ये ज्यासाठी कोर्टकचेरी झाली ते येथे सहज घडले. तरीही डेहराडून किंवा दार्जिलिंगच्या तीन-तीन पिढ्यांच्या भारतीय गोरख्याला, ‘नेपाळहून केव्हा आलात?’ असे आजही विचारले जाते, हे आपले न्यून आहे. आणि २०२२ साली अल्पमुदतीच्या भरतीची अग्निपथ योजना आल्यावर नेपाळ सरकारने हरकत घेतली, तेव्हापासून नेपाळातून भारतीय सैन्यात होणारी भरती खंडित झाली. चार वर्षांनी मोकळ्या होणाऱ्या तरुणाचे पुढे काय, हीच त्या सरकारची एक मुख्य शंका होती. म्हणजे तेथेही प्रश्न चाकरीचा नसून चाकरीनंतरचा होता.

हे सर्व ऐकून एखादा सभासद मनात म्हणेल, ‘गुरुजी, नेपाळ आणि विलायत यांच्याशी आपल्या ज्ञातीचा संबंध काय?’ संबंध आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला गेलेले मराठे हे त्या मुलखाला परकेच शिपाई होते. त्यांची वंशपरंपरा आजही तमिळ भूमीत नांदते आणि घरात आपल्या वळणाची मराठी बोलते. निजामाने अरबस्तानातील हद्रमौतहून आणलेल्या शिपायांची हैदराबादेतील वस्ती ‘बारकस’ म्हणून ओळखली जाते. बराक या शब्दाचेच ते रूप. त्यांच्यापैकी चाऊस मंडळी मराठवाड्यातील गावोगावी आपली शेजारी आहेत आणि त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर मराठी शाळेत शिकली आहेत. तात्पर्य, बिऱ्हाड करून राहिलेला परका दोन पिढ्यांनी शेजारी होतो. बिऱ्हाड करू न दिलेला परका शंभर वर्षांनीही परकाच राहतो.

आता अखेरचा मुद्दा, आणि तो आपल्या घरचा. आपल्या वसतिगृहाच्या फाटकावर गेली अठरा वर्षे पहारा करणाऱ्या नेपाळी दारवानाचा अर्ज कार्यकारी मंडळापुढे सात महिने पडून आहे, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. तो काही पलटणीतला शिपाई नव्हे. त्याचे मागणे एवढेच आहे की, इमारतीमागील खोलीत त्याच्या पत्नीस व मुलीस राहू द्यावे, म्हणजे मुलीला येथील शाळेत घालता येईल. या मागणीस विरोध करणारे सभासद माझे स्नेही आहेत आणि त्यांचा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. ते म्हणतात, ही वास्तू ज्ञातीच्या वर्गणीतून उभी राहिली, ज्ञातीच्या मुलांसाठी. आज एक कुटुंब आले तर उद्या खोली सुटणार नाही आणि पुढील मंडळाच्या गळ्यात न्यायालयाचा फेरा पडेल.

माझे त्यांना विनयपूर्वक सांगणे आहे. वर्गणी ज्ञातीची खरी, परंतु त्या वर्गणीने बांधलेली भिंत आजवर राखली कोणी? आपली मुले निर्धास्त झोपली ती कोणाच्या जागरणावर? अठरा वर्षे मनुष्य घ्यावयाचा आणि त्याचा संसार मात्र घ्यावयाचा नाही, ही जुन्या पलटणीची रीत आपण चालवावयाची काय? आपली ज्ञातिसंस्था जन्मास आली तीच मुळी यासाठी की, गावाहून शहरात चाकरीस आलेल्या आपल्या माणसाला कोणी खोली देईना. ज्या दुःखातून संस्था जन्मली, तेच दुःख तिने दुसऱ्याला देऊ नये.

परंतु ज्या चुकीबद्दल मी विलायतेच्या पार्लमेंटला दोष दिला, ती आपणही करू नये. केवळ दया येऊन होकार देऊ नका आणि केवळ भीती वाटून नकारही देऊ नका. कागद करा. खोली चाकरीच्या काळापुरती राहील. चाकरी संपल्यावर सहा महिन्यांची मुदत मिळेल. दरमहा त्याच्या वेतनाबरोबर संस्थेने थोडी रक्कम त्याच्या नावे पेढीत ठेवावी, म्हणजे निवृत्त होताना डोक्यावर छप्पर करावयास त्याच्या हाती काही राहील. आणि मुलीच्या शाळेची चौकशी शिक्षण समितीने करावी. अशा चार कलमांचा मसुदा मी चिटणीसांकडे दिला आहे. दारवानाने तो वाचून घेऊन मान्य केला आहे. उद्या सकाळी साधारण सभा आहे. अर्ज पडून ठेवणे हा निर्णय नव्हे. त्यात माणसाचे वय तेवढे पुढे जाते, आणि मुलीच्या शाळेचे वर्ष वाया जाते.

छावणी उठते, पलटण बदलते, राज्येही जातात. मागे राहतात ती चुलीभोवती बसणारी माणसे. त्यांना जागा कशी दिली यावरूनच पुढील पिढ्या राष्ट्राची आणि संस्थेचीही पारख करतात. उद्याच्या सभेत आपण सर्वांनी वेळेवर उपस्थित राहून या प्रश्नाचा निकाल लावावा, एवढीच माझी प्रार्थना आहे.